धक्का कोणीं दिला?

श्रोतेहो, आणि विशेषतः आठवी-नववीच्या वर्गांत बसणाऱ्या माझ्या बालमित्रांनो, आपल्यापैकीं ज्यांनीं एस. टी.च्या गाडींतून उभ्यानें प्रवास केला आहे त्यांना एक अनुभव निश्चित आला असेल. गाडी भरधाव चाललेली असते. आपण वरची दांडी धरून उभे असतों. इतक्यांत समोर एखादी म्हैस आडवी येते, चालक ब्रेक दाबतो, आणि उभी असलेली सारी मंडळी एकमेकांच्या अंगावर पुढें कोसळतात. ज्याचा पाय तुडविला जातो तो मागें वळून म्हणतो, “अहो, धक्का काय देतां?” मागचा गृहस्थ शपथेवर सांगतो कीं, “मीं नाहीं दिला. मलाच मागून आला.” त्याच्या मागचाहि तेंच सांगतो. अशी चौकशी करीत करीत आपण गाडींतल्या अगदीं शेवटच्या उतारूपर्यंत गेलों, तर त्याच्या मागें कोणीच नाहीं. केवळ पत्र्याची भिंत आहे. मग हा धक्का आला तरी कोठून? तो दिला कोणीं?

आजच्या भाषणांत या एका प्रश्नाचा पाठपुरावा करावयाचा आहे. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें उत्तर मिळावयास मानवजातीला जवळजवळ दोन हजार वर्षें लागलीं. आणि तें उत्तर ज्या घरांत नीट समजलें नाहीं, त्या घरांतील तान्हें मूल आजहि मोटारीच्या पुढच्या बैठकीवर आईच्या मांडीवर बसून प्रवास करीत असतें. या दोन गोष्टींचा परस्परांशीं काय संबंध, असें आपल्याला वाटेल. तो संबंध दाखविणें हाच माझा हेतु आहे.

वर्गांत गतीचा पहिला नियम कोणता असें विचारलें, तर निदान निम्मे हात वर होतात. “बाहेरचें बल लागू झालें नाहीं, तर स्थिर वस्तु स्थिरच राहते, आणि गतिमान वस्तु त्याच वेगानें सरळ रेषेंत जात राहते.” उत्तर बिनचूक येतें. मग मी एक चेंडू सरळ वर फेकतों व विचारतों, “चेंडू माझ्या हातांतून सुटला आहे आणि अजून वर जात आहे. या क्षणीं त्याच्यावर कोणतें बल आहे?” पुष्कळ मुलें सांगतात, “हाताचें बल, सर! तें हळूहळू संपतें आणि मग चेंडू खालीं येतो.” म्हणजे पाहा, नियम मुखोद्गत आहे, पण त्याच्यावर विश्वास नाहीं. तोंड न्यूटनचें आणि मन ॲरिस्टॉटलचें, अशी ही अवस्था आहे. यांत मुलांचा दोष मुळींच नाहीं. आपण मोठीं माणसेंहि याच अवस्थेंत असतों. फक्त आपल्याला परीक्षेस बसावें लागत नाहीं, म्हणून तें उघडकीस येत नाहीं.

ॲरिस्टॉटल हा ग्रीक तत्त्वज्ञ ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत होऊन गेला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ढकलणारा असेल तोंवरच वस्तु चालते. ढकलणारा थांबला कीं वस्तु थांबते. आपला रोजचा अनुभव याहून निराळा आहे काय? बैल थांबले कीं गाडी थांबते. पाय मारणें बंद केलें कीं सायकल मंद होत होत उभी राहते. तेव्हां चालण्यासाठीं कोणीतरी सारखें ओढीत राहिलें पाहिजे, ही समजूत मनांत इतकी खोल रुजते कीं, तिला कोणी समजूत म्हणत नाहीं. ती उघड्या डोळ्यांनीं दिसणारी वस्तुस्थितीच वाटते.

या वस्तुस्थितींत लपलेला चोर पकडावयाचा असेल तर फार दूर जावयास नको. घरांतला कॅरमचा पट काढा. पटावर कांहीं न टाकतां स्ट्रायकरला टिचकी मारा. तो थोडा जाऊन थांबेल. आतां पटावर बोरिक पावडर भुरभुरा आणि तशीच टिचकी पुन्हां मारा. तोच स्ट्रायकर आतां समोरच्या कडेवर आपटून परत येतो. बोट तेंच, स्ट्रायकर तोच, टिचकी तीच, बदललें काय? फक्त पटाचा खडबडीतपणा. यावरून काय ठरतें? पहिल्या खेपेस स्ट्रायकर थांबला तो टिचकीचें बल ‘संपलें’ म्हणून नव्हे. पटानें त्याला घासून थांबविलें म्हणून. टिचकीचें बल तर बोट सुटतांक्षणींच संपलें होतें. पुढची सारी वाटचाल स्ट्रायकरनें कोणाच्याहि मदतीवांचून केली, आणि थांबला तो कोणीतरी आडवें आल्यामुळें. या आडव्या येणाऱ्याचें नांव घर्षण. बैलगाडी थांबते तिचेंहि कारण हेंच. बैल गाडीला ‘चालतें ठेवीत’ नसतात. चिखल, धूळ आणि आंस तिला सारखे थांबवूं पाहत असतात, त्यांची फेड बैल करीत असतात. सरळ रस्त्यावर एका वेगानें चाललेल्या मोटारीचें इंजिन तरी दुसरें काय करतें? हवेचा व रस्त्याचा विरोध जेवढा, तेवढाच भरून काढतें. अधिक कांहीं नाहीं.

कॅरमच्या पटावर आपण जें केलें, तेंच इटलींतील गॅलिलिओनें उतरत्या फळ्यांवर गोळे सोडून केलें. त्यानें विचार केला तो असा : गोळा एका उतारावरून सोडला आणि समोर चढण ठेवली, तर तो जवळजवळ मूळच्याच उंचीपर्यंत चढतो. चढण कमी तिरपी केली, तर तीच उंची गांठण्यासाठीं तो अधिक लांब जातो. आणखी कमी केली, आणखी लांब. मग चढण मुळींच ठेवली नाहीं आणि घर्षणहि नसलें, तर? गोळ्याला उंची गांठतां येणार नाहीं, आणि थांबण्यास कारणहि मिळणार नाहीं. तो जातच राहील. गॅलिलिओचा या विषयावरील शेवटचा मोठा ग्रंथ १६३८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १६४४ मध्यें देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानें ही गति सरळ रेषेंत असते असें स्पष्ट मांडलें, आणि १६८७ मध्यें न्यूटननें आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथांत हेंच तत्त्व गतीचा पहिला नियम म्हणून अगदीं आरंभीं ठेवलें.

आज तर या नियमाचा साक्षीदार आकाशांत प्रवास करीत आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजीं पृथ्वीवरून सोडलेलें ‘व्हॉयेजर १’ हें यान सूर्यापासून दर सेकंदाला सुमारें १७ किलोमीटर या वेगानें दूर जात आहे. आरंभीं अग्निबाणांनीं आणि नंतर गुरु व शनि यांच्या आकर्षणानें त्याला जो वेग मिळाला, त्यावरच तें चाललें आहे. त्याला पुढें रेटणारें यंत्र आतां चालू नाहीं. जीं लहान यंत्रें आहेत तीं त्याचें तोंड पृथ्वीकडे वळतें ठेवण्यापुरतीं. ॲरिस्टॉटलचें म्हणणें खरें असतें, तर हें यान केव्हांच वाटेंत उभें राहिलें असतें.

आतां आपण क्षणभर आपल्याच देशाकडे वळूं. कारण हा प्रश्न आपल्याकडेहि निराळ्या रूपानें उभा राहिला होता. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटानें लिहिलें कीं, होडींतून पुढें जाणाऱ्या माणसाला कांठावरचीं स्थिर झाडें मागें जातांना दिसतात, त्याचप्रमाणें स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जातांना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. हा विचार त्या काळीं फार धाडसाचा होता. त्यावर पुढील ज्योतिष्यांनीं जे आक्षेप घेतले त्यांतला वराहमिहिराचा आक्षेप मला फार आवडतो, कारण तो कोणाहि चाणाक्ष मुलाला सुचेल असा आहे. पृथ्वी फिरत असेल, तर घरट्यांतून आकाशांत उडालेले पक्षी परत घरट्याला कसे येतील? ते हवेंत असतांना झाड पुढें निघून गेलेलें असेल!

आक्षेप हंसण्यासारखा नाहीं. आपण हिशेब करून पाहूं. मुंबई ज्या अक्षांशावर आहे तेथें पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशीं सुमारें १५८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारें ४४० मीटर इतका पडतो. चिमणी दहा सेकंद उडाली, तर तेवढ्यांत शिवाजी पार्कावरचें तिचें झाड जवळजवळ साडेचार किलोमीटर पूर्वेस सरकलेलें असतें. तरीहि चिमणी बिनचूक त्याच फांदीवर येऊन बसते. कां? कारण फांदीवर बसलेली असतांनाच तीहि त्याच वेगानें पूर्वेकडे चाललेली होती, आणि फांदी सोडल्यानें तो वेग सुटत नाहीं. तिच्या भोवतींची हवाहि त्याच वेगानें चाललेली आहे. वेग हा वस्तूजवळच राहतो. तो काढून घ्यावयास कोणीतरी यावें लागतें. आर्यभटाजवळ पृथ्वी फिरते हें उत्तर होतें. पण पक्ष्याच्या शंकेचें पुरतें निरसन होण्यास गतीचा पहिला नियम हवा होता, आणि तो सांपडावयास आणखी हजाराहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

युरोपांतहि शंका तीच होती; फक्त पक्ष्याच्या जागीं दगड होता. चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडला तर तो मागें पडेल, असें पुष्कळ विद्वान् खात्रीनें सांगत. सोडून पाहण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेई. १६४० सालीं गासेंदी या फ्रेंच पंडितानें मार्सेय बंदरांत वेगानें वल्हविल्या जाणाऱ्या जहाजावर हा प्रयोग जाहीरपणें करून दाखविला. दगड डोलकाठीच्या पायथ्याशींच पडला. आपण आगगाडींत बसून शेंगदाणा वर उडवून तोंडांत झेलतों, तेव्हां आपण तोच प्रयोग करीत असतों. गाडी तेवढ्या वेळांत पांचपंचवीस मीटर पुढें गेलेली असते, तरी शेंगदाणा मागच्या बांकावरील गृहस्थांच्या तोंडांत पडत नाहीं!

आतां आपल्या एस. टी.कडे परत चलूं. गाडी चालली होती तेव्हां तिच्याबरोबर उतारूहि त्याच वेगानें चालले होते. चालकानें ब्रेक दाबला. ब्रेकनें चाकें धरलीं, चाकांनीं व रस्त्यानें मिळून गाडीला थांबविलें. गाडीच्या तळानें घर्षणानें उतारूंचे पाय थांबविले. पण उतारूंच्या छातीला आणि डोक्याला थांबविलें कोणीं? कोणींच नाहीं. तीं आपल्या मूळच्या वेगानें सरळ पुढें चाललीं. आपल्याला वाटतें, आपण पुढें फेकले गेलों. वस्तुतः आपण पूर्वीप्रमाणेंच जात राहिलों. मागें पडली ती गाडी. म्हणून ‘धक्का कोणीं दिला?’ या प्रश्नाचें उत्तर ‘कोणींच दिला नाहीं’ हें आहे. मागून कोणीं ढकललें नव्हतें. समोरून कोणीं अडविलें नव्हतें, एवढेंच. गाडी सुरू होतांना आपण मागें कलंडतों, आणि वळणावर बाहेरच्या बाजूस झुकतों, त्यांचेंहि कारण हेंच. पहिल्या वेळीं शरीर जागच्या जागीं राहूं पाहतें, दुसऱ्या वेळीं सरळ रेषेंत जाऊं पाहतें. वस्तूच्या या हट्टाला जडत्व असें नांव आहे. चालत्या गाडींतून उतरूं पाहणारा तोंडावर आपटतो तो याच हट्टामुळें : पाय जमिनीनें धरले, पण धड गाडीच्याच वेगानें निघालें.

येथें पहिल्या नियमाचें काम संपतें आणि दुसऱ्याचें सुरू होतें. वेग टिकण्यास बल लागत नाहीं. वेग बदलण्यास लागतें. मग किती लागतें? दुसरा नियम याचा हिशेब सांगतो. वस्तु जितकी जड, तितकें बल अधिक. वेगांत करावयाचा बदल जितका मोठा, तितकें बल अधिक. आणि तो बदल जितक्या थोड्या वेळांत करावयाचा, तितकें बल अधिक. या तिसऱ्या गोष्टीकडे माझी आपल्याला विशेष विनंति आहे. कारण वस्तुमान व वेग पुष्कळदां आपल्या हातीं नसतात, पण वेळ आपल्याला वाढवितां येतो, आणि वेळ दहापट केला तर बल दहावा हिस्सा होतें.

हें गणित न शिकलेल्यांनाहि ठाऊक असतें. झाडावरून आंबे उतरविले जात असतांना खालीं उभा असलेला माणूस वरून येणारा आंबा दगडावर पडूं देत नाहीं. दोघेजण गोणपाट ताणून धरतात आणि त्यांत तो झेलतात. आंब्याचा वेग दोन्ही वेळां तितकाच नाहींसा व्हावयाचा असतो. दगडावर तो एका निमिषांत नाहींसा होतो व आंबा फुटतो. गोणपाटांत तो हळूहळू नाहींसा होतो व आंबा शाबूत राहतो. क्रिकेटमधील कुशल खेळाडू जोराचा झेल घेतांना हात मागें नेतो, तो शोभेसाठीं नव्हे. चेंडूला थांबावयास अधिक वेळ मिळावा व तळहातावरचें बल कमी व्हावें म्हणून.

हेंच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचें असेल, तर मुंबईहून पुण्यास आगगाडीनें जातांना बोरघाटांत खिडकीबाहेर पाहावें. हा लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. घाटांत ३७ मीटर लांबीला १ मीटर असा खडा चढ आहे. उतरणारी गाडी ताब्यांतून सुटली तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. म्हणून मुख्य मार्गाला लागून ठिकठिकाणीं चढावावर जाणारे आंधळे फांटे ठेवलेले आहेत. त्यांना रेल्वेचे लोक कॅच साइडिंग म्हणतात. ताब्यांत न राहिलेली गाडी त्या फांट्यावर जाते, चढ चढतां चढतां तिचा वेग मंदावतो आणि ती उभी राहते. डोंगराच्या भिंतीनेंहि ती थांबली असतीच. पण एका क्षणांत. फांटा तिला लांब अंतर देतो आणि वेळ देतो, आणि त्या वेळांत माणसांचे प्राण वांचतात. तेव्हां गाडीच्या बाबतींत ‘ती थांबेल कीं नाहीं?’ हा खरा प्रश्नच नव्हे. ती थांबणारच. खरा प्रश्न हा कीं, ती किती अंतरांत आणि किती वेळांत थांबणार.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी हें सारें बोललों तिच्याकडे येतों. मोटारीच्या पुढच्या बैठकीवर आई बसली आहे. मांडीवर वर्षाचें बाळ आहे. त्याचें वजन १० किलो धरूं. आईनें दोन्ही हातांनीं बाळाला कवटाळलें आहे, आणि तिची खात्री आहे कीं, जगांत याहून सुरक्षित जागा बाळाला नाहीं. गाडीचा वेग ताशीं ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. हा वेग कोणालाहि अतिरेकी वाटणार नाहीं. समोर उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी आदळते. तिचें पुढचें नाक पाऊण मीटर चेपतें आणि एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत ती उभी राहते.

गाडी थांबली, बाळ नाहीं थांबलें. तें सेकंदाला १५ मीटर या वेगानें पुढें जात आहे. त्याला गाडीबरोबर थांबवावयाचें असेल, तर तेंहि काम सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत झालें पाहिजे. हिशेब करा : वेगांतला बदल १५, वेळ ०.१, भागाकार १५०. त्याला १० किलोंनीं गुणा. १५०० न्यूटन बल झालें. हें किती? १५३ किलोंचें ओझें उचलून धरावयास जेवढें लागतें तेवढें. म्हणजे तांदळाचीं पन्नास-पन्नास किलोंचीं तीन पोतीं. तींहि सावकाश उचलावयाचीं नाहींत; सूचना न मिळतां, डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत झेलावयाचीं. श्रोतेहो, आईच्या मायेला सीमा नाहीं हें मान्य. पण तिच्या मनगटाच्या बळाला आहे. आणि तिनें स्वतः पट्टा बांधला नसेल, तर तिचेंहि शरीर त्याच वेगानें पुढें येतें आणि बाळ तिच्या व गाडीच्या मध्यें सांपडतें.

मग उपाय काय? उपाय तोच, जो आंब्याला गोणपाट आणि आगगाडीला चढाचा फांटा : थांबण्यास वेळ देणें. गाडीचें नाक चेपण्यास पाऊण मीटर मिळालें. ज्यानें पट्टा बांधला आहे तो गाडीशीं जोडलेला असल्यामुळें त्यालाहि थांबावयास जवळजवळ तेवढें अंतर मिळतें. ज्यानें बांधला नाहीं तो आपला सारा वेग घेऊन, आधींच थांबलेल्या गाडीच्या समोरच्या भागावर आदळतो, आणि पांच सेंटिमीटरांत थांबतो. ७५ सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर, म्हणजे पंधरापट फरक. बलांतहि तोच पंधरापट फरक. शिवाय पट्टा तें बल कमरेच्या व छातीच्या मजबूत हाडांवर पसरून देतो. समोरची कांच तें एकट्या कपाळाला देते. खांदा व कंबर या दोहोंना धरणारा आजचा पट्टा नील्स बोलीन या स्वीडनमधील इंजिनियरानें १९५९ सालीं रूढ केला. त्यांत न्यूटनच्या दोन नियमांपलीकडे निराळें विज्ञान नाहीं.

मागच्या बैठकीवर बसणाऱ्यांना वाटतें कीं, आपल्यापुढें गादीची पाठ आहे, आपल्याला पट्टा कशाला? पण जडत्व हें बैठक पाहून वागत नाहीं. मागचा साठ किलोंचा माणूस पुढच्याच्या पाठीवर त्याच वेगानें येतो, आणि पुष्कळदां पुढच्याच्या प्राणावर बेततें. तान्ह्या मुलासाठीं निराळी खुर्ची मिळते. ती मागच्या बैठकीवर, बाळाचें तोंड गाडीच्या मागच्या दिशेस करून बसवितात. त्यामुळें धडकेच्या वेळीं बाळाची सबंध पाठ व डोकें एकदम खुर्चींत रेटलें जातें, आणि कोंवळ्या मानेला झटका बसत नाहीं. अशी खुर्ची हवेची पिशवी असलेल्या पुढच्या बैठकीवर मात्र कधींहि ठेवूं नये. फुगणारी पिशवी खुर्चीच्या पाठीवर जोरानें आदळते. २०१९ सालीं सुधारलेल्या आपल्या मोटार-वाहन कायद्यानें उतारूंना पट्टा आणि चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा मुलांची खुर्ची आवश्यक केली, आणि न पाळल्यास एक हजार रुपये दंड ठेवला. परंतु ज्याला हा हिशेब समजला त्याला दंडाची भीति घालावी लागणार नाहीं. आणि ज्याला समजला नाहीं तो पोलिस दिसेपर्यंत पट्टा नुसता खांद्यावर टाकून ठेवील.

ज्यांना आंकडे कोरडे वाटतात त्यांच्यासाठीं दुसरी उपमा देतों. उंचावरून पडणाऱ्या वस्तूलाहि वेग येतो. ताशीं ५४ किलोमीटर हा वेग येण्यासाठीं, हवेचा विरोध सोडून दिला तर, साडेअकरा मीटर उंचीवरून पडावें लागतें; म्हणजे जवळजवळ चार मजल्यांवरून. चौथ्या मजल्याच्या सज्ज्याला कठडा नसेल तर आपण तेथें मूल घेऊन उभे राहूं काय? मोटारींतला पट्टा हा त्या सज्ज्याचा कठडा आहे. फरक इतकाच कीं, सज्ज्याची उंची डोळ्यांना दिसते आणि वेग दिसत नाहीं. गाडीच्या आंत बसलेल्याला तर आपण स्थिर आहों असेंच वाटतें.

तरुण श्रोत्यांसाठीं आणखी एक. वेग दुप्पट केला तर गाडी थांबावयास लागणारें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. ब्रेकनें दर सेकंदाला वेग पांच मीटर प्रति सेकंद एवढा कमी होतो असें धरा. ताशीं ३६ किलोमीटर वेगाची गाडी १० मीटरांत थांबेल. ताशीं ७२ किलोमीटर वेगाची ४० मीटरांत. कारण थांबावयास वेळहि दुप्पट लागतो आणि त्या वेळांतला सरासरी वेगहि दुप्पट असतो. दोन दुणे चार. घाई करणाऱ्याला वाटतें आपण थोडाच वेग वाढविला; रस्त्याचा हिशेब मात्र वर्गाच्या पटींत चालतो.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेंत बलाचा प्रश्न आला कीं प्रथम स्वतःला विचारा : वेगांत बदल होत आहे काय? दिशा बदलली तरी तो बदलच. होत नसेल, तर सर्व बलांची बेरीज शून्य आहे. ‘चालतें ठेवणारें’ बल शोधीत बसूं नका. होत असेल, तर विचारा : या वस्तूला कोण स्पर्श करीत आहे, आणि तिला पृथ्वी किती ओढीत आहे? हातांतून सुटलेल्या चेंडूला हात स्पर्श करीत नाहीं. म्हणून हाताचें बल नाहीं. फक्त पृथ्वीची ओढ आणि हवेचा किंचित् विरोध. चेंडू वर जातो तो बलामुळें नव्हे, हातानें दिलेल्या वेगामुळें. आणि पृथ्वीची ओढ तो वेग क्षणाक्षणाला कमी करीत असते. एवढें मनानें मान्य केलें, कीं पहिला नियम केवळ पाठ राहिला नाहीं, आपला झाला.

आणि आज संध्याकाळीं एक प्रयोग घरीं सर्वांदेखत करा. खेळण्यांतल्या मोटारीवर एक लहान बाहुली नुसती बसवा, उतरत्या फळीवरून मोटार सोडा, आणि खालीं एक जाड पुस्तक आडवें ठेवा. मोटार पुस्तकाशीं थांबेल. बाहुली पुस्तकापलीकडे जाऊन पडेल. मग बाहुलीला दोऱ्यानें मोटारीशीं बांधा आणि पुन्हां सोडा. बाबांना आणि आजींना तो दोरा दाखवा. पुढच्या वेळीं सारें घर मोटारींत बसेल तेव्हां कोणीं आठवण करून द्यावी, हें मग सांगावें लागणार नाहीं. तिसऱ्या नियमाविषयीं पुन्हां केव्हां तरी.